वजन तेच, पॅन्ट मात्र बदलली: पोट, मांड्या आणि म्हातारपणीचा मेंदू

अबोली_७
मंडळी, प्रश्न बाबांचा आहे, पण कदाचित बऱ्याच जणांच्या घरचा असेल.

बाबा ७१ चे. उंची पाच फूट पाच इंच, वजन ६१ किलो. २०१५ साली बँकेतून रिटायर झाले तेव्हाही ६१ च होतं, आणि हे ते दारात आलेल्या कुरिअरवाल्यालासुद्धा सांगतात. गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी पॅन्ट शिवायची म्हणून त्यांना आमच्या जुन्या शिंप्याकडे नेलं. हा माणूस गिऱ्हाइकांची मापं लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवतो. त्याने बाबांचं जुनं पान शोधून काढलं. २०१५: कंबर ३३, मांडी २४. मग टेप लावला. कंबर ३६, मांडी २१. चष्म्यावरून बघत म्हणाला, "काका, वर वाढलात आणि खाली आटलात."

बाबा हसले. मला रात्री झोप लागली नाही.

कारण असं की गेलं वर्षभर ते एकच गोष्ट दोनदा विचारतात. आणि मी नेमकं वाचलं होतं की २०२५ च्या अखेरीस शिकागोला रेडिऑलॉजीच्या अधिवेशनात सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांनी एक अभ्यास मांडला. १,१६४ निरोगी माणसांचा डोक्यापासून पायापर्यंत एमआरआय. ज्यांच्या पोटातली चरबी स्नायूंच्या मानाने जास्त, त्यांचा मेंदू वयापेक्षा म्हातारा दिसला. स्नायू जास्त असलेल्यांचा तरुण. कातडीखालच्या चरबीचा मात्र संबंध आढळला नाही.

यात कितपत तथ्य आहे? आणि जो माणूस आयुष्यात कधी जाड नव्हता, त्याला "तुमची चरबी वाढलीय" हे कसं पटवायचं?

नाममात्र
शिंप्याला मानद एमडी द्या. बाकी वाचतोय.

तिरफळ
वेळेवर धागा काढलात. आमचे सासरे अगदी असेच. फक्त ते पॅन्ट घालत नाहीत, लेंगा घालतात. नाडी कुणाची चुगली करत नाही!

रक्तदाब
फिजिशियन आहे, मेंदूतज्ज्ञ नाही, तेवढं धरून वाचा.

अबोली, तुमच्या बाबांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढला. २२.४ आला आणि गालातल्या गालात हसलो, कारण जवळपास हाच आकडा पुण्यात प्रसिद्ध आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन ९.१ टक्के निघाले आणि आपले याज्ञिक २१.२ टक्के. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. काट्यावर सारखे, आतला माल वेगळा. 'थिन-फॅट इंडियन' म्हणतात ते हेच. आणि याची सुरुवात पाळण्यात होते. पुण्याजवळच्या गावांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडात साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी पडले होते ते मुख्यतः स्नायू. चरबी त्या मानाने शाबूत होती.

आता चरबीचं. पोटाला चिमटा काढल्यावर बोटांत येते ती कातडीखालची. दिसायला वाईट, वागायला बरी. दुसरी आत, आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास. ती चिमटीत येत नाही, पोट नगाऱ्यासारखं टणक लागतं. ही बया गप्प बसत नाही. अंगात बारीक दाह धुमसत ठेवते, इन्सुलिनला जुमानत नाही, रक्तवाहिन्या खराब करते. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण २० टक्के ऊर्जा एकटा खातो. त्याला पुरवठा करणाऱ्या केसाएवढ्या वाहिन्या बिघडल्या तर तक्रार कुठे उमटणार?

स्नायूंचं उलट. जेवणानंतर रक्तात येणारी साखर उतरवून घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे मांड्या, ढुंगण, पाठ. कोठार लहान झालं की माल रस्त्यावर पडून राहतो. शिवाय काम करताना स्नायू स्वतः रसायनं सोडतात. हार्वर्डच्या ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने २०१२ मध्ये त्यातलं एक शोधलं आणि आयरिस या ग्रीक देवतांच्या दूतीवरून त्याला आयरिसिन नाव दिलं. उंदरांत त्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो. माणसांत किती पोचतो यावर भांडण चालू आहे.

वयाबरोबर स्नायू झडणं याला १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' नाव दिलं. आपल्या आज्या "अंगावर मांस राहिलं नाही हो" म्हणायच्या, ते तेच.

नाममात्र
डॉक्टर, 'ढुंगण' हा शब्द इथे पहिल्यांदाच वैद्यकीय गांभीर्याने वापरलेला पाहिला. दंडवत.

खुसपट
माझ्या नावाला जागून लिहितो.

एक, तो शिकागोचा अभ्यास एका वेळी काढलेला फोटो आहे. चरबीमुळे मेंदू म्हातारा झाला, की मेंदू थकला म्हणून माणूस हलेनासा झाला आणि पोट सुटलं? एमआरआय हे सांगत नाही.

दोन, त्याच सेंट लुईसच्या विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला मोठा प्रयोग कुणी सांगत नाही. ६५ ते ८४ वयाचे ५८५ लोक. काहींना व्यायाम, काहींना ध्यान, काहींना दोन्ही, काहींना नुसती आरोग्याची व्याख्यानं. २०२२ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: स्मरणशक्तीत कुणालाच विशेष फायदा नाही.

तीन, 'जाड माणसाला डिमेन्शिया' (म्हणजे आठवण आणि समज ढासळत जाण्याचा आजार) हेही सरळ नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या जवळपास २० लाख लोकांच्या नोंदी तपासल्या तर धोका जास्त निघाला तो कमी वजनाच्यांना, ३४ टक्के जास्त. म्हणजे वडापाव खायला हरकत नाही, असं काढायचं का?

झुणकाभाकर
शेवटच्या वाक्यासाठी खुसपट यांना माझ्याकडून दोन वडापाव.

मोगरा
खुसपट यांच्या तिसऱ्या मुद्द्यावर लिहायलाच हवं.

माझी आई पासष्टीपर्यंत अंगाने भरलेली. मग हळूहळू उतरायला लागली. काही केलं नव्हतं, ना डाएट ना फिरणं. लग्नात भेटलेल्या बायका "अगं, किती छान बारीक झालीस, काय करतेस?" असं विचारायच्या आणि ती खूश व्हायची. आम्हीही. भांडी घासताना हातातल्या बांगड्या निसटायला लागल्या तेव्हा सोनाराकडून एक एक आकार लहान करून आणल्या. दोनदा.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी गोडा मसाला करताना धणे दोनदा भाजले. मग वर्षभरात निदान झालं. आता मागे बघितल्यावर कळतं की ती जेवली की नाही हे विसरायची. डब्यातली पोळी तशीच असायची. वजन आधी गेलं, आठवण मागून.

म्हणून बारीक माणसाला धोका जास्त, हे वाचल्यावर मला वाटतं की तो आकडा बारीकपणाचा नसून आजाराच्या आधीच्या वर्षांचा असणार. डॉक्टर सांगतील.

रक्तदाब
मोगराताई, तुम्ही घरात जे पाहिलंत तेच लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात दिसलं. १०,३०८ लोक, २८ वर्षं. पन्नाशीत लठ्ठ असलेल्यांना पुढे डिमेन्शियाचा धोका जवळपास दुप्पट. पण साठी-सत्तरीत मोजलेल्या लठ्ठपणाचा तसा संबंध दिसेना, कारण निदानाच्या साधारण आठ वर्षं आधीपासून वजन घसरायला लागलेलं असतं. म्हणजे चाळिशी-पन्नाशीतलं पोट घातक, आणि सत्तरीत न सांगता उतरणारं वजनही चांगलं लक्षण नाही. सत्तरीच्या पुढच्या पेशंटला मी 'वजन कमी करा' असं सरसकट सांगत नाही. चरबीच्या नादात उरलेले स्नायू जातात.

चाळिशीच्या पोटाबद्दल अजून एक. कॅलिफोर्नियात १९६४ ते १९७३ मध्ये साडेसहा हजार लोकांच्या पोटाची जाडी मोजून ठेवली होती. तीस-पस्तीस वर्षांनी बघितलं तर सगळ्यात मोठ्या पोटांच्या गटात डिमेन्शिया सगळ्यात लहान पोटांच्या गटापेक्षा जवळपास तिप्पट. एकंदरीत तुमच्या शिंप्याच्या वहीसारखंच काम.

कंदीपेढा
आमच्या गावाकडची गोष्ट सांगतो. इथं कुणाला पोट नाही, सगळी रानात राबलेली माणसं. मग म्हातारपणी डोकं शाबूत राहायला पाहिजे की नाही? माझा चुलता उभा जन्म नांगरामागं चालला, अंगावर तोळाभर चरबी नव्हती. शेवटची चार वर्षं बैलांची नावं पाठ, पोरांची विसरला. तुमच्या शहरातल्या मोजमापाचं आमच्यात काय जुळत नाही.

खुसपट
कंदीपेढा, शाब्बास. याला आकडाही आहे. लासी-डॅड या देशभरच्या पाहणीत साठीपुढच्यांत डिमेन्शिया ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आणि खेड्यात शहरापेक्षा जास्त, बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. पोटांचा हिशेब लावला तर उलटं यायला हवं होतं.

लंबक
उलटं नाही, अपुरं आहे. त्याच पाहणीत न शिकलेल्यांत प्रमाण बरंच जास्त आहे. खेड्यातल्या बायका शाळेत गेल्या नाहीत, रक्तदाब मोजला गेला नाही, कान गेले तरी यंत्र नाही. लॅन्सेटच्या डिमेन्शिया आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली, सगळी मिळून सुमारे ४५ टक्के डिमेन्शियामागे. लठ्ठपणा आणि बैठेपणा ही त्यातली दोनच. शिक्षण, कान, डोळे, मधुमेह, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, सगळे रांगेत उभे आहेत. अबोली, बाबांचे कान तपासलेत का? 'दोनदा विचारतात' म्हणजे पहिल्यांदा उत्तर ऐकू आलं नाही, असंही असतं. आमच्याकडे दीड वर्ष आईला 'विसरभोळी' ठरवलं होतं, निघालं ते कान.

शेवगा
हा धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद. +१

पारवा
फिजिओथेरपिस्ट आहे, नागपूरची. कंदीपेढा भाऊ, तुमच्या काकांबद्दल: राबलेलं अंग म्हणजे जपलेलं अंग नव्हे. साठीपर्यंत शेत, मग गुडघे गेले की एकदम खाट. वर भाकरी-ठेचा आणि प्रथिनं बेताची. पाचेक वर्षांत मांड्यांची काडी होते. असे पेशंट रोज बघते.

मी मोजते काय ते सांगते, कारण हे घरी करता येतं. बिनहाताची साधी खुर्ची भिंतीला टेकवा. हात छातीवर घडी. पाच वेळा उठा-बसा, घड्याळ लावून. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर आशियाई निकषांप्रमाणे ताकद कमी धरतात. हाताची पकड यंत्राने: पुरुष २८ किलोच्या खाली, बाई १८ च्या खाली, तर तपासणी हवी. कंबर पुरुषांची ९० सेंमी, बायकांची ८० सेंमी, त्याच्या आत ठेवा. अबोली, ३६ इंच म्हणजे ९१ सेंमी होतात, बाबा काठावरून पुढे गेले आहेत.

अवलिया
आत्ता केलं. ९ सेकंद. वय ४४. उठताना "आई गं" म्हणालो ते धरायचं का?

पारवा
"आई गं" चे दोन सेकंद दंड.

तिरफळ
सासऱ्यांना करायला सांगितलं. पहिल्यांदा उठले, म्हणाले "हे झालं", आणि पेपर घेऊन परत बसले.

माडाचीवाडी
माझं मत जुनाट वाटेल. जमिनीवर बसणं गेलं आणि सगळं गेलं. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात ओटा नव्हता. विळीवर खोबरं खवायला बसायची, चुलीपाशी उकिडवी, जेवायला पाट, देवासमोर मांडी, आणि परसातला संडास. दिवसात पन्नासदा तरी ऊठबस. जिममध्ये त्याला स्क्वॉट म्हणतात आणि महिन्याला दोन हजार घेतात. आता आम्ही घर बांधलं तेव्हा आई-बाबांच्या 'सोयीसाठी' सगळं उंच केलं. कमोड उंच, पलंग उंच, देव्हारासुद्धा उंच. सोय केली की गैरसोय, कळत नाही.

मोगरा
माडाचीवाडी, इतकंही नको. गुडघे झिजलेल्या बाईला उकिडवं बसणं म्हणजे शिक्षा असते. माझी आई कमोड आल्यावर रडली होती, सुटका झाली म्हणून. ऊठबस खुर्चीवरूनही होते, पारवांनी सांगितलीच आहे.

माडाचीवाडी
मान्य. तुमच्या आईचं आधी वाचायला हवं होतं.

शेवगा
माझे वडील रोज पाच किलोमीटर चालतात, दरवर्षी वारीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर. एवढं पुरे ना?

रक्तदाब
चालणं सोन्यासारखं आहे. २०११ च्या एका अमेरिकी प्रयोगात १२० वयस्कर लोकांना वर्षभर, काहींना चालवलं आणि काहींना नुसते ताण देणारे व्यायाम दिले. चालणाऱ्यांत हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मरणशक्तीचा भाग, सुमारे २ टक्के वाढला. बाकीच्यांत १.४ टक्के घटला. पण चालण्याने मांडीचा घेर फारसा वाढत नाही. त्याला वजन हवं, किंवा स्वतःचंच वजन उचलणं. व्हँकूवरमध्ये ६५ ते ७५ वयाच्या १५५ बायकांना वर्षभर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा वजनांचा व्यायाम दिला, तर लक्ष एकवटण्याच्या चाचणीत त्या ११ ते १३ टक्क्यांनी सुधारल्या. आठवड्यातून एकदा! हे ऐकून तरी लोकांनी सुरू करावं.

खुसपट
आणि त्याच बायकांच्या मेंदूचा एकूण आकार किंचित कमी झाला, हे डॉक्टर गाळतात.

रक्तदाब
गाळलं, कबूल. का झाला ते त्या संशोधकांनाही नीट उलगडलं नाही. तुमचा ५८५ जणांचा प्रयोगही खराच आहे. मी पेशंटला "व्यायाम करा म्हणजे डिमेन्शिया होणार नाही" असं कधीच म्हणत नाही. पडून खुबा मोडणार नाही, साखर ताब्यात राहील, स्वतःच्या पायाने संडासला जाल, एवढं सांगतो. मेंदूचं झालं तर वरकड.

झुणकाभाकर
पण ती नवी वजनाची इंजेक्शनं? मेव्हण्याने चौदा किलो उतरवले. त्याने मेंदूचंही भलं होत असेल तर मीही...

रक्तदाब
सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये त्याच जातीच्या सेमाग्लुटाइडची गोळी देऊन दोन मोठ्या चाचण्या झाल्या, सुमारे ३,८०० लोक. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की आजाराचा वेग कमी झाला नाही. मधुमेहात त्याचा उपयोग आहे, तो वेगळा विषय. आणि उतरलेल्या किलोंत स्नायूंचाही वाटा असतो. मेव्हण्याला पारवाताईंची खुर्ची दाखवा.

तिरफळ
खाण्याचं कुणी बोलतच नाहीये. सासूबाईंची एकादशी, चतुर्थी, सोमवार, गुरुवार. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर राजगिऱ्याचा लाडू. उपवास सोडताना वरणभात, आणि वरण असं की ताटाचा तळ दिसावा.

पारवा
साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ भाग, प्रथिनं नावाला. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६१ किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅमच्या आसपास. वयस्करांना त्याहून थोडं जास्तच द्यावं असं बरेच तज्ज्ञ म्हणतात. एका अंड्यात सहा ग्रॅम. उपास मोडू नका, दूध-दही-पनीर-शेंगदाणे वाढवा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मनाने पावडरी सुरू करू नका.

नाममात्र
धागा मेंदूवरून निघाला, संडासमार्गे साबुदाण्यावर आला. मायमराठीची प्रकृती उत्तम आहे.

अबोली_७
(साडेचार महिन्यांनी धागा वर काढतेय.)

सगळ्यांचे आभार, काय झालं ते सांगते.

लंबक, पहिला नमस्कार तुम्हाला. बाबांचे कान तपासले. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, उजव्याने जास्त. यंत्र बसवलं. दोनदा विचारणं कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. मेंदूतज्ज्ञांकडेही नेलं. चाचण्या घेतल्या, सध्या डिमेन्शिया म्हणण्यासारखं नाही, वर्षाने परत या म्हणाले.

पारवाताई, खुर्चीचे १७ सेकंद लागले. घड्याळ मी लावलं होतं, तर म्हणाले "तू लवकर चालू केलंस." परत केलं, १८. पकड २४ किलो. "पोटात चरबी आहे" हे त्यांना पटलंच नाही. पण "बँकेत दहा किलोची नाण्यांची पिशवी एका हाताने उचलायचात, आता उचलाल का?" असं विचारलं, ते लागलं. आठवड्यातून तीनदा फिजिओकडे जातात. खुर्चीवरून ऊठबस, पायाला वाळूच्या पिशव्या, हातात पाण्याच्या बाटल्या. सकाळी दोन अंडी, आईने वेगळं पातेलं ठेवलंय, तिच्या सोवळ्याची सीमारेषा गॅसच्या उजव्या शेगडीपर्यंत आहे. आता खुर्चीचे १३ सेकंद.

वजन ६२ झालं. यावर ते दोन दिवस अस्वस्थ होते.

काल शिंप्याकडे गेलो, पॅन्ट नको होती, फक्त मापं. कंबर ३५ आणि अर्धा. मांडी २१ आणि अर्धा.

अवलिया
अर्धा इंच म्हणजे टेप सैल धरला असेल!
(हलकंच घ्या. बाबांना सलाम.)

खुसपट
मी बोलणार होतो ते अवलियांनी बोलून टाकलं, म्हणून मी फक्त अभिनंदन करतो.

रक्तदाब
सत्तरीत अर्धा इंच सोपा नाही. वाळूच्या पिशव्या दर महिन्याला थोड्या जड करत जा. आणि त्या शिंप्याच्या वहीतल्या पानाचा फोटो टाका ना इथे, पेशंटना दाखवीन.

अबोली_७
मागितला. फोटो काढू देत नाही. म्हणाला, त्याच पानावर खाली आणखी दोन गिऱ्हाइकांच्या कमरा आहेत, आणि एक जण अजून उधारी ठेवून आहे.